यूकेच्या घरात काही बंद पडलं तर आधी स्विच शोधा

आई पहिल्यांदा इकडे रेडिंगला राहायला आली ना, तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी मीटिंगमध्ये असताना तिचे चार मिस्ड कॉल. "अगं शेगडी मेली बघ तुझी, मी काही नाही केलं हं, नुसता ओटा पुसला." व्हिडिओ कॉल लावला तर भिंतीवरचा तो मोठा लाल स्विच, एअर फ्रायरच्या मागे अर्धा लपलेला, पुसताना दाबला गेलेला. तिने दाबला, शेगडी टीं करून जिवंत. "एवढंच होय! मला वाटलं लाल आहे म्हणजे हात लावायचा नाही."

इकडे नवीन आलेल्या ओळखीतल्या पोरांचे, त्यांच्या आईबाबांचे मला असेच मेसेज येत असतात, ओव्हन बिघडलाय, शॉवर गार येतोय, मिक्सर जळला, घरमालक फोन उचलत नाही. आणि बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं, कुठेतरी एक स्विच बंद असतो किंवा पाच मिनिटांत बदलता येणारा फ्यूज गेलेला असतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

स्वयंपाकघरापासून सुरू करा. इलेक्ट्रिक शेगडीला आणि बऱ्याचदा ओव्हनलाही भिंतीवर वेगळा स्विच असतो, जाडजूड, लाल, कधी ओट्याच्या वर तर कधी चक्क कपाटाच्या आत. वॉशिंग मशीन, फ्रिज, डिशवॉशर यांचे प्लग मशीनच्या मागे असतात पण स्विच मात्र ओट्याच्या वर एका रांगेत, त्यावर काही लिहिलेलं असेलच असं नाही, त्यामुळे पहिल्या दिवशीच एकेक दाबून काय बंद होतं ते बघा आणि छोटी चिठ्ठी चिकटवून टाका. ओव्हनचं अजून एक नाटक म्हणजे लाईट जाऊन आली की घड्याळ ००:०० असं लुकलुकत राहतं, आणि बरेच ओव्हन वेळ लावल्याशिवाय गरमच होत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीने यापायी दोन दिवस टोस्ट खाऊन काढले! इंडक्शनवर किल्लीचं चित्र दिसलं तर ते चाइल्ड लॉक, त्यावर तीनचार सेकंद बोट धरून ठेवा. 'एच' दिसलं तर घाबरू नका, काच अजून गरम आहे एवढंच ते सांगतंय. आणि इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही म्हणजे नाही, तळाला चुंबक चिकटला तरच चालतो, तेव्हा तुळशीबागेत कुकर घ्यायला जाल तेव्हा फ्रिजवरचं मॅग्नेट पर्समध्ये टाकून जा.

आता मिक्सर. हा विषय जरा मोठा आहे.

इथली वीज २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, आपल्याकडेही तेच, त्यामुळे भारतातला मिक्सर इथे मजेत चालतो, ट्रान्सफॉर्मर वगैरे काही लागत नाही. आणि आणाच, कारण इथले ब्लेंडर स्मूदीसाठी ठीक आहेत पण ओल्या खोबऱ्याची चटणी नि गरम मसाला म्हटलं की रडतात. प्रश्न फक्त प्लगचा. गंमत म्हणजे आपला गोल पिनांचा प्लग हा मुळात जुना ब्रिटिशच, इथल्यांनी १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा नवा आणला आणि आपण जुन्यालाच धरून बसलो.

मी पहिल्यांदा काय केलं, विमानतळावर मिळतो तसला सगळ्या देशांचा ट्रॅव्हल ॲडॅप्टर लावला. चटणी अर्धी झाली आणि प्लास्टिक जळल्याचा वास. ते ॲडॅप्टर फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरसाठी असतात, बऱ्याच जणांत अर्थिंगसुद्धा नसतं, मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर त्याला लावायचाच नाही. मग एकतर अर्थिंगवाला, आत १३ अँपिअरचा फ्यूज असलेला चांगला कन्व्हर्टर प्लग घ्या, नाहीतर सरळ हार्डवेअरच्या दुकानातून नवीन प्लग आणून बदला. प्लग उघडल्यावर अर्थची पिन वर येईल असा धरायचा, हिरवी-पिवळी वायर वर, ब्राऊन उजवीकडे फ्यूजच्या बाजूला, निळी डावीकडे, आणि वायरचं बाहेरचं जाड आवरण खालच्या पट्टीखाली घट्ट दाबलं गेलं पाहिजे म्हणजे ओढली तरी आतली तार सुटत नाही. तुमच्या मिक्सरच्या वायरींचे रंग वेगळे असतील तर अंदाजपंचे करू नका, इलेक्ट्रिशियनकडे न्या.

प्रत्येक प्लगात फ्यूज कशाला, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. तर त्याचं असं आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याची टंचाई होती म्हणून इथे रिंग पद्धतीचं वायरिंग आलं, म्हणजे बोर्डातून एक केबल निघते, सगळ्या सॉकेटांना भेटत भेटत परत बोर्डात येते आणि त्या अख्ख्या रिंगला एकच ब्रेकर, आता तो ३२ अँपिअरचा असतो. मग तुमच्या टेबललॅम्पच्या सुतळीएवढ्या वायरमध्ये काही शॉर्ट झालं तर ३२ अँपिअरचा ब्रेकर पडेपर्यंत ती वायर जळूनही जाईल, म्हणून तिला सांभाळायला तिच्याच प्लगात छोटा फ्यूज. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला फ्यूज घालायचा तेही कळतं. साधारण ७०० वॉटपर्यंत ३ अँपिअर, तो लाल असतो, त्याच्या वर १३ अँपिअर, तो ब्राऊन. दिव्याला १३ चा घालून ठेवलात तर दिवा लागेल हो, पण वायरला वाचवणारं कोणी राहिलं नाही. ७५० वॉटच्या मिक्सरला १३ चा, सुरू होताना तो एकदम जास्त करंट खेचतो.

तर एखादी वस्तू एकाएकी बंद पडली की आधी त्याच सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघा, मग दुसऱ्या सॉकेटला ती वस्तू लावून बघा. तरी ढिम्म? प्लग काढा, पिनांच्या बाजूने चपट्या स्क्रू ड्रायव्हरने फ्यूज उचकटून काढा, नाही निघाला तर मधला स्क्रू उघडा, आणि केटलच्या प्लगातला चालू १३ चा फ्यूज तात्पुरता घालून बघा (वस्तू १३ ची असेल तरच). चालली तर नवीन पाकीट आणा, सुपरमार्केटातही मिळतात. नवा फ्यूजही फट्कन गेला तर दोष वस्तूत आहे, तिथे थांबायचं. आणि प्लीज, फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळायची गावाकडची आयडिया इथे नको. मिक्सरच्या बाबतीत सगळ्यात आधी तो उलटा करून खालचं छोटं लाल बटण बघा, लोड जास्त झाला की ते बाहेर येतं, पाच मिनिटं थंड होऊ द्या, दाबा, झालं.

एक्स्टेंशन बोर्ड कितीही सॉकेटांचा असला तरी त्याचा स्वतःचा प्लग १३ अँपिअरचाच, म्हणजे सगळं मिळून ३००० वॉट. इथली केटल एकटीच जवळजवळ तेवढी असते, त्यामुळे केटल आणि हीटर एका बोर्डवर कधीच नाही. चाकावर गुंडाळलेली वायर असेल तर वापरताना पूर्ण सोडा, गुंडाळलेली तापते. खर्चाचं म्हणाल तर २०२५ मध्ये युनिट साधारण २५ ते २७ पेन्स होतं, २ किलोवॉटचा हीटर तासाला दोन युनिट, करा हिशोब. केटल मात्र उगाच बदनाम आहे, कपाला लागेल तेवढंच पाणी घातलं तर काही नाही.

बाथरूममध्ये साधं सॉकेट नसतं. आरशाजवळ जे दोन पिनांचं दिसतं ते शेव्हर आणि टूथब्रशपुरतं. शॉवर गार येत असेल तर छताला लोंबणारी दोरी ओढा, इलेक्ट्रिक शॉवरचा स्विच तोच, कधी कधी तो दाराबाहेर असतो.

सगळ्या सॉकेटांची लाईट गेली, दिवे चालू, तर बहुतेक बोर्डातला आरसीडी पडलाय, म्हणजे कुठे करंट लीक झाला की आपोआप खाली पडणारा सेफ्टी स्विच. सगळे प्लग काढा, तो वर करा, मग एकेक लावत जा, ज्याच्यावर परत पडेल तो चोर. अख्ख्या गल्लीतच अंधार असेल तर १०५ ला फोन करा, फुकट आहे.

बॉयलर, म्हणजे घर आणि नळाचं पाणी गरम करणारं गॅसचं यंत्र, बंद पडला, नळाला गरम पाणी नाही, तर त्याच्यावरचा प्रेशरचा काटा बघा. थंड असताना १ ते १.५ बार हवं. खाली गेलं असेल तर बॉयलरच्या खाली चंदेरी विणलेली नळी असते, तिचे नळ हळूच उघडायचे, काटा वर आला की लगेच आणि दोन्ही घट्ट बंद करायचे, हे विसरलात तर प्रेशर ३ च्या वर जाऊन बाहेरच्या पाइपातून पाणी पडायला लागेल. एवढंच आपलं काम. झाकण उघडायचं नाही, ते फक्त गॅस सेफ रजिस्टर (गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांची इथली अधिकृत यादी) मध्ये नाव असलेल्या माणसाने उघडायचं. दर थोड्या दिवसांनी प्रेशर पडत असेल तर कुठेतरी गळतंय, घरमालकाला लेखी कळवा. गॅसचा वास आला तर स्विचबिच काही न दाबता खिडक्या उघडून बाहेर या आणि ०८०० १११ ९९९.

राहिला फोडणीचा शत्रू, स्मोक अलार्म. हिंग-मोहरीच्या आधी चिमणीचा पंखा सुरू, खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद, हा क्रम पाठ करा, तेल तापल्यावर पंखा लावून उपयोग नाही. तरी बोंबललाच तर मधलं बटण दाबा, थोडा वेळ गप्प बसतो. प्लास्टिकची पिशवी बांधू नका, मी बघितलंय लोकांना बांधताना. स्वयंपाकघरातच स्मोक अलार्म बसवलेला असेल तर तिथे धुरावर नाही, उष्णतेवर वाजणारा हीट अलार्म लावून द्या म्हणून मागा, रास्त मागणी आहे.

आणि रात्री दोनला थांबून थांबून एकच 'चिक' ऐकू आलं तर ती आग नाही, बॅटरी संपत आलीये, गारठ्यात ती अजून उतरते म्हणून नेमकी रात्रीच बोंब. वायरवर चालणाऱ्या अलार्मातही बॅकअपची बॅटरी असते, तीही बघा. मी तीन रात्री स्टुलावर चढून छतावरचे दोन्ही अलार्म उघडझाप करत बसले होते, आणि चिक चिक करत होता बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे, आधीच्या भाडेकरूने ठेवून दिलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म.