फार्मवरून सोडवून आणलेल्या कोंबड्या आणि खुराड्याभोवतीचे उंदीर: या चुका टाळा

लेयर फार्मवरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्या साधारण दीड वर्षाच्या झाल्या, अंडी जरा कमी झाली की फार्मवाला त्या लॉटने विकून टाकतो, आणि हल्ली पुण्या-नाशकाकडे काय किंवा कोकणात काय, बरेच जण त्यातल्या पाच-दहा कोंबड्या कापायला न जाऊ देता घरी आणून सांभाळतात. फार चांगलं काम आहे हे, करावंच. पण आणल्यावर महिन्याभरात जवळपास प्रत्येकाची एकच तक्रार येते, उंदीर वाढले, घुशी आल्या, रात्री कोंबडीचे पाय कुरतडले, अंडी गायब होतायत. मग माणूस दुकानातून औषध आणतो आणि तिथून खरा घोळ सुरू होतो.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. या कोंबड्या आपल्या गावठी कोंबडीसारख्या नाहीत. गावठी कोंबडी दिवेलागणीला आपली आपण झाडावर नाहीतर वाशावर जाऊन बसते, सांडलेला दाणा टिपून जमीन साफ करते, परकं काही दिसलं की ओरडून घर डोक्यावर घेते. पिंजऱ्यातली कोंबडी यातलं काहीच शिकलेली नसते, तिला आयुष्यभर ए-फोर कागदाएवढीही जागा मिळालेली नसते. तिच्या अंगावर पिसं कमी, हाडं ठिसूळ, चोच पुढून कापलेली. आणि उंदराला नेमकं हेच सगळं सोयीचं पडतं, म्हणून कोंबडीची काळजी आणि उंदरांचा बंदोबस्त ही दोन वेगळी कामं नाहीतच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिवसरात्र खाद्य भरून ठेवणं. बिचाऱ्या हडकुळ्या आहेत, खाऊ देत पोटभर, असं वाटतं आणि ते साहजिक आहे, पण कोंबडी अंधारात खातच नाही, तिला रात्री नीट दिसत नाही. म्हणजे संध्याकाळनंतर फीडरमध्ये जे उरलं ते सगळं उंदरांचं जेवण. एका लेयर कोंबडीला दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं, दहा कोंबड्या असतील तर सव्वा किलोच्या आसपास. सकाळी एकदा आणि चारच्या सुमाराला एकदा असं वाटून द्या, दिवस मावळायच्या आत फीडर उचलून घरात न्या, पाण्याचं भांडंसुद्धा उचला कारण घुशीला पाणी रोज लागतं. कोंबडीचं यात काही नुकसान नाही, उलट सकाळी ताजं खाद्य मिळतं. सकाळी दार उघडायच्या आधी फीडर जागेवर हवा एवढंच बघा, उशीर करू नका, अशक्त कोंबडीला उपाशी ताटकळत ठेवणं बरं नाही.

आता यातच एक अडचण आहे, ती म्हणजे कापलेली चोच. अशा चोचीने जमिनीवरचा एकेक दाणा उचलता येत नाही, वरची चोच आखूड आणि खालची पुढे असते, दाणा निसटतो. लोक अंगणात मूठभर कणी फेकतात, गावठी कोंबड्या ती चट करतात, या मात्र टोच मारत राहतात आणि अर्धं तिथेच पडून राहतं. यांना दाणा जमिनीवर फेकूच नका. खोलगट भांड्यात दोन-तीन इंच थर राहील असं खाद्य द्या, म्हणजे तिला चोच खुपसून खाता येतं, आणि भांड्याची कड आत वळलेली असेल तर सांडतही कमी. लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरड खाद्य, थोडा पाण्यात भिजवून दिला तर अजून छान खातात, फक्त भिजवलेलं तास-दोन तासात उचलायचं, पावसाळ्यात लगेच आंबतं आणि बुरशी धरते. भांड्याखाली जुना पत्रा किंवा ट्रे ठेवा, संध्याकाळी झटकला की झालं. खाद्याची गोणी पडवीत उभी ठेवणाऱ्यांनी ती आजच्या आज झाकणवाल्या पत्र्याच्या पिंपात ओतावी, प्लास्टिकचा डबा घूस सहज कुरतडते.

दुसरी चूक जाळीची. दुकानात कोंबड्यांची जाळी मागितली की सहा कोनांची पातळ तारेची जाळी देतात. तिने कोंबडी आत राहते पण उंदीर बाहेर राहत नाही, एक तर भोकं मोठी आणि तार तो दातांनी तोडतो. अर्ध्या इंचाच्या फटीतून उंदीर अंग चोरून आत येतो. त्यामुळे अर्ध्या इंचाहून बारीक चौकोनाची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्त चढवलेल्या तारांची वेल्डिंग केलेली जाळी, घ्या, महाग पडते, पण एकदाच घ्यायची आहे. सगळ्या आवाराला परवडत नसेल तर निदान रात्रीच्या खुराड्याला तरी हवीच, खालून, वरून, दाराच्या फटीला, सगळीकडून. घूस खालून बीळ काढत येते, म्हणून भिंतीच्या बाहेरच्या बाजूने दीड-दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरून वर माती नाहीतर जांभ्याचे तुकडे टाका, ती भिंतीलगत उकरायला लागते आणि जाळी लागली की थांबते. कोबा केला असेल तर उत्तम. खुराडं पायांवर उचललेलं असेल तर फूट-दीड फूट मोकळं ठेवा, म्हणजे खाली काय चाललंय ते दिसतं. बसकं खुराडं, शेजारी रचलेल्या विटा, तुसाची पोती, जुने पत्रे आणि पलीकडे उकिरडा, एवढं असेल तर उंदरांची सोय आपणच केल्यासारखी आहे. ते आधी हलवा.

रात्री झोपायची जागा या विषयाकडे फार कमी लोक बघतात. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना दांडीवर बसायचं माहीत नसतं, त्या कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करून जमिनीवर झोपतात आणि अंधारात कोंबडी अगदी सुस्त असते, उंदराने बोट किंवा पिसं नसलेली मागची उघडी कातडी कुरतडली तरी ती जागची हलत नाही. सकाळी पायाच्या बोटाला ओली जखम दिसली, भुशावर रक्ताचे ठिपके दिसले तर समजून जा. दांडी लावा, पण उंच नको, हाडं ठिसूळ असतात, उडी मारताना मोडतात. जमिनीपासून वीतभर-फूटभर उंच, दोन इंच रुंद चपटी लाकडी पट्टी पुरे. आणि रोज अंधार पडताना एकेकीला उचलून तिच्यावर बसवा. कंटाळवाणं आहे, पण काही दिवसांनी एखादी आपणहून बसते आणि मग बाकीच्या तिचं बघून शिकतात.

अंड्यांचंही तसंच. या कोंबड्या कुठेही, कधी कधी उभ्या उभ्या अंडं टाकतात, कवच पातळ किंवा नुसतं पापुद्र्याचं असतं, ते फुटतं आणि वासावर उंदीर येतात, उंदरांमागे धामण येते. धामण बिनविषारी आहे, तिला मारू नका, पण नागसुद्धा त्याच वाटेने येतो हे लक्षात ठेवा आणि साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा, अंडी दिवसातून दोनदा उचला, फुटलेल्या अंड्याचा भुसा तिथल्या तिथे काढा.

आता औषधाबद्दल, आणि हे कळकळीने सांगतेय. कोंबड्या असलेल्या घरात उंदीर मारायचं विष आणू नका. झिंक फॉस्फाइड पोटात गेलं की त्याचा विषारी वायू होतो, त्याला उतारा नाही. उंदीर विषाचा तुकडा तोंडात धरून नेतो आणि वाटेत टाकतो, तो टाकतो कुठे तर तुमच्या आवारात, कोंबडी टोचून बघणारच. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस अर्धमेला फिरतो, त्याला मांजर खातं, गव्हाणी घुबड खातं, मुंगूस खातं, मेलेल्या उंदराला कोंबड्याही चोच मारतात. चुकून असं काही झालंच तर वडीचं पाकीट घेऊन ताबडतोब पशुवैद्याकडे पळा, ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-वन देता येतं. चिकट पुठ्ठ्याचे सापळे पण नकोत, त्यात उंदीर तासन्‌तास तडफडतो आणि चिमण्या, सरडेही अडकतात. सॉकेटला लावायच्या आवाजाच्या मशीनवर पैसे घालवू नका, उंदरांना त्या आवाजाची सवय होते. आणि मांजर लहान उंदीर धरेल, मोठ्या घुशीच्या वाटेला सहसा जात नाही.

त्यापेक्षा पिंजरा लावा, पण लावायची पद्धत असते. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले काही दिवस पिंजरा उघडाच, दार बांधून ठेवा, आत भाजलेलं खोबरं, सुकट किंवा भजी ठेवा, खाऊन जाऊ दे. मग दार सोडा. भिंतीला चिकटून ठेवा, कारण तो भिंतीच्या कडेनेच पळतो, वरून गोणपाट टाका. एकदम तीन-चार पिंजरे लावले तर जास्त उपयोग होतो. सकाळी सगळ्यात आधी पिंजरे बघायचे, जीव उन्हात तडफडत ठेवायचा नाही आणि बादलीत बुडवायचाही नाही, पालिकेचा मूषक विभाग असेल तर त्यांच्याकडे द्या. मात्र खाद्य उघडं असेल तर कितीही पकडा, शेजारच्या शेतातून दुसरे येतातच.

स्वतःची काळजी घ्या. उंदराच्या लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार, होतो, मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात दरवर्षी पेशंट वाढतात. खुराडं साफ करताना गमबूट, हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर ओल्यात उतरूच नका. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना उंदरांचं आवर्जून सांगा.

घरी आधीच्या कोंबड्या असतील तर नव्या आणलेल्यांना तीन-चार आठवडे लांब ठेवा, त्यांच्याबरोबर रोग येऊ शकतो आणि मानमोडीला (राणीखेत रोगाला) औषध नाही, लसच आहे. एकदम दोन-चार मेल्या तर उकिरड्यावर फेकू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नंदुरबारच्या नवापूरला २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हा आपल्याकडे हे होत नाही असं समजू नका.

आणि उंदराने चावलेली कोंबडी दिसली तर आधी तिला वेगळी करा, रक्त दिसलं की बाकीच्या टोचून टोचून जीव घेतात. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, कोरड्या भुशावर सावलीत, मच्छरदाणी टाकून ठेवा. माशी बसली की दिवसाभरात अळ्या पडतात, पावसाळ्यात तर फारच लवकर, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ जखम उघडून बघा आणि वास यायला लागला किंवा पाय सुजला तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.