बारावीनंतर वृद्धसेवेत काम कसे सुरू करावे

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दुखू न देता कुशीवर वळवणे शिकावे लागते. नुसते पाहून ते येत नाही, आणि घरी आजीचे केले म्हणून आपोआपही येत नाही. बारावीनंतर या क्षेत्रात यायचे असेल तर एवढे मनाशी पक्के धरा, की हे घरकाम नव्हे, आणि फक्त सेवाभावावरही ते निभत नाही. हे हाताचे आणि डोक्याचे कसब आहे. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींच्या वर होती आणि महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळजवळ एक. त्यानंतर ही संख्या वाढतच गेली. मुले दुसऱ्या शहरात किंवा परदेशात आणि आईवडील इथे, अशी घरे आता लहान गावांतही आहेत. काम आहे. ते नीट शिकून आलेली माणसे कमी आहेत.

आधी काम जवळून पाहा

निकालाची वाट पाहत बसण्याच्या दिवसांत जवळच्या वृद्धाश्रमात जा. व्यवस्थापकांना भेटून रोज दोन-तीन तास मदत करू द्या, अशी विनंती करा. पेपर वाचून दाखवणे, जेवायला बसवणे, चालताना सोबत करणे एवढे काम तिथे नवख्यालाही देतात. मलमूत्राचा वास, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारे आजोबा, विनाकारण चिडणाऱ्या आजी, हे सगळे तिथे एकत्र दिसते. पहिल्या दिवशी कसेसे झाले तर घाबरू नका, ते बहुतेकांना होते. आठवडाभराने मात्र एक गोष्ट स्वतःला विचारा : दहाव्यांदा तोच प्रश्न आल्यावर माझा आवाज चढतो का? चढत असेल, तर हे काम तुमचे नाही. हे आत्ताच कळलेले बरे.

मुलांनीही हे वाचावे. पुरुष रुग्णांना उचलायला, आंघोळ घालायला पुरुष सेवक लागतात, आणि ते सहजासहजी मिळत नाहीत.

कोणता कोर्स?

लवकर कामाला लागायचे असेल, तर जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे जीडीए. साधारण तीन ते सहा महिन्यांचा हा कोर्स दहावीनंतरही करता येतो. होम हेल्थ एड हा त्याच्याच जवळचा, घरी जाऊन करायच्या सेवेचा कोर्स आहे. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळते का, हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारा. सरकारी कौशल्य योजनांखाली हे कोर्स अनेकदा विनाशुल्क असतात, त्यामुळे मोठी फी भरण्याआधी जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात एक चक्कर माराच. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखालची दिल्लीची राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थाही वृद्धांच्या देखभालीचे अभ्यासक्रम चालवते.

दोन-तीन वर्षे देता येत असतील, तर नर्सिंगकडे वळा. एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, हा दोन वर्षांचा आणि फक्त मुलींसाठी. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षांचा, मुलगे-मुली दोघांसाठी. त्याला कोणत्याही शाखेची बारावी चालते, एकूण आणि इंग्रजीत किमान ४० टक्के लागतात. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे, त्याला बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान हवे. माझे मत विचाराल, तर घरची परिस्थिती अगदीच ओढीची नसेल तर जीएनएम करा. परीक्षेनंतर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते आणि पुढचे सगळे दरवाजे त्या नोंदणीने उघडतात. जीडीएवाल्याला कितीही अनुभव असला तरी इंजेक्शन देता येत नाही, आणि पगारही एका मर्यादेपुढे सरकत नाही.

संस्था निवडताना वर्गखोल्या पाहू नका, प्रत्यक्ष प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात आणि किती आठवडे देतात ते विचारा. उत्तर गोलमोल आले की दुसरी संस्था शोधा.

हातात काय यायला हवे

प्रमाणपत्रावर जे लिहिलेले नसते आणि ज्यावरून घरचे लोक तुमची पारख करतात, ते इथे सविस्तर सांगते.

वळवणे : पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. प्रत्येक वेळी आधी सांगायचे, "काकू, आता डाव्या कुशीवर वळवते हं, हात माझ्या खांद्यावर ठेवा." न सांगता ओढले की माणूस दचकतो आणि अंग ताठ करतो. वळवल्यावर माकडहाड, टाचा, घोटे, कमरेची हाडे पाहायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघा. दाब काढल्यावरही लाली तशीच राहिली, तर बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू होतो आहे, लगेच नर्सला किंवा घरच्यांना सांगा. अशा जागी तेल-पावडर लावून चोळायची पद्धत घरोघरी आहे. ती बंद करा, चोळल्याने आतली कातडी आणखी दुखावते.

भरवणे : आधी नीट बसवा. हनुवटी किंचित खाली, घास लहान, आणि पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही. शेवटी गालात अन्न साठलेले नाही ना, ते पाहा. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नका. चार घास कमी गेले तरी चालतील, पण ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो.

उठवणे : झोपेतून एकदम उभे केले की रक्तदाब उतरून चक्कर येते. पलंगाच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटे बसवा, मग उभे करा. अर्धांगवायू झालेला असेल तर खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला ठेवा. काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळू शकतो. कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना तो शेवटी. हे ज्याला सांगावे लागत नाही, तो शिकलेला माणूस.

लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकली पाहिजे. चाकाच्या खुर्चीत बसवताना ती मांडीवर ठेवली की लघवी उलटी जाते आणि संसर्ग होतो. पिशवी रिकामी करणे तुमचे काम आहे, नळी बदलणे नाही.

आणि हाक. पहिल्याच दिवशी विचारा, "तुम्हाला काय म्हणू?" आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईंना "ए आजी" म्हटलेले आवडेलच असे नाही, कदाचित त्यांना "बाई"च ऐकायचे असते. विस्मृती झालेल्या माणसालाही आपला मान राखला जातो की नाही, हे कळते.

कामाला लागण्यापूर्वी

हिपॅटायटिस बीची लस घ्या. तिचे तीन डोस असतात, दुसरा एक महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी, म्हणून कोर्सच्या सुरुवातीलाच पहिला घ्या. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून ठेवा. असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी ई-श्रम संकेतस्थळावर नोंदणी करा. अठरा पूर्ण झाल्यावर बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू करा, वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते.

पहिली नोकरी

पहिले वर्षभर तरी रुग्णालयात किंवा चांगल्या वृद्धाश्रमात काढा. तिथे अडल्यावर विचारायला सिस्टर असतात. घरी रात्रपाळीत एकटे असताना रुग्णाचा श्वास लागला तर अठराव्या वर्षी कोणाला विचारणार? घरोघरी सेवक पुरवणारे ब्यूरोवाले लगेच घरची ड्यूटी देतील, घाई करू नका.

ब्यूरोकडे जाल तेव्हा हे विचारा : घरचे लोक ब्यूरोला किती देतात आणि माझ्या हातात किती येतात? पैसे दर महिन्याला खात्यात जमा होणार का? साप्ताहिक सुट्टी कधी? चोवीस तासांच्या ड्यूटीत सलग झोप किती मिळेल? मूळ प्रमाणपत्र "ठेवून घेतो" म्हणाले तर देऊ नका, झेरॉक्स द्या.

घरी गेल्यावर कामाची यादी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या. रुग्णाचे जेवण, कपडे, खोली तुमची. सगळ्या घराची भांडी तुमची नाहीत. हे गोड शब्दांत पण सुरुवातीलाच सांगावे, महिन्याने सांगितले की खटके उडतात. रोजची वही ठेवा : औषध किती वाजता दिले, लघवी किती, शौच झाली का, काय खाल्ले. चिठ्ठीत नसलेले औषध शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून देऊ नका. दागिने, एटीएम कार्ड, सही यांच्यापासून चार हात लांब राहा.

मुलींनी हेही माहीत करून घ्यावे : लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा घरालाही कामाची जागा मानतो. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. "तो म्हातारा आहे, चालायचेच" असे म्हणून कोणी गप्प बसवू लागले, तर त्या घरातली ड्यूटी सोडा आणि ब्यूरोला कारण लेखी कळवा. रुग्णावरच कोणी हात उगारताना, उपाशी ठेवताना दिसले, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

परदेशी जायचे असेल

जर्मनीत २०२०पासून सामान्य रुग्ण आणि वृद्ध यांच्या शुश्रूषेचे एकच तीन वर्षांचे प्रशिक्षण आहे. शिकताना विद्यावेतन मिळते, पण आधी जर्मन भाषा बी-वन, बऱ्याच ठिकाणी बी-टू पातळीपर्यंत यावी लागते. त्या भाषेला इथेच एक वर्ष तरी द्यावे लागेल, असे धरून चाला. नोकरीसाठी पाठवणारा एजंट असेल तर केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याची नोंदणी आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखांची भाषा करणाऱ्याकडे पावती मागा, आणि तो पावती टाळू लागला तर तिथूनच परत फिरा.