पाणी बिघडलंय का, ते शिनाण्यांना विचारायचं कसं

धक्क्याजवळचं पाणी बाटलीत भरून आणलंत तर त्या एका भरतीची हकीकत कळते, बस्स. शिनाणे, म्हणजे खडकाला धरून राहणारे दोन शिंपांचे जीव, मात्र बारा महिने तिथेच चिकटलेले. एकेक जण तासाला लीटरभर तरी पाणी कल्ल्यांतून गाळतो आणि त्यातले तांबं, कॅडमियम असे धातू अंगात साठवतो. समुद्राच्या रसायनाचे अभ्यासक एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये जगभर ‘मसल वॉच’, म्हणजे शिनाण्यांवर नजर, सुरू करा असं सुचवलं, ते याच हिशेबाने.

मी मुलांना जो प्रयोग करायला लावते त्याला यंत्र लागत नाही. एक जागा धक्क्याची, दुसरी लांबच्या स्वच्छ खडपाची. एकाच ओहोटीला, सारख्याच उंचीवरचे, सहा-सात सेंटिमीटरचे तीस-तीस शिनाणे घ्या. पावसाळ्यात नको, तेव्हा गोड्या पाण्यानेच ते हैराण असतात.

खडकाला धरून ठेवणारे धागे कात्रीने कापा. पहिल्या वर्षी मी ते हिसकून ओढले, आतलं मांस फाटलं आणि दोन्ही परातींतले पटापट मेले. सगळा खटाटोप वाया.

शिंपांवर नेलपॉलिशने आकडे घाला. दोन परातींत पाण्याविना मांडा, वर ओलं गोणपाट, जागा सावलीची आणि दोघांना एकच. दर सहा तासांनी बघा. शिंप उघडी दिसली तर कडेला पेन्सिलीने टोचा. मिटली तर जीव आहे. टोचूनही तशीच राहिली तर वेळ लिहा आणि तो शिनाणा बाहेर काढा, नाहीतर वासाने घरचे तुम्हालाच बाहेर काढतील.

कुठल्या परातीतले अर्धे आधी गेले, एवढंच बघायचं. धातू अंगात शिरला की तो बांधून ठेवायला शिनाणा मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन बनवतो, बिघडलेल्या पेशी दुरुस्त करत बसतो. शिलकीतली ताकद तिथेच खर्च होते. मग उघड्यावर तग कशाच्या जोरावर धरणार? विष तिखट असेल तर तो शिंप मिटूनच बसतो, म्हणजे खाणंही बंद.

विष नेमकं कुठलं, ते परात सांगणार नाही. त्यासाठी वेगळे वीसेक शिनाणे प्रयोगशाळेत द्या. आधी चोवीस तास गाळलेल्या स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवा, कारण पोटातल्या चिखलातला धातूही मोजला जातो आणि आकडा उगाच फुगतो. मांस काढायला प्लॅस्टिकची सुरी. स्टीलमधलं क्रोमियम-निकेल नमुन्यात उतरायला नको.

शेजारच्या काकू विचारतात, “रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले की साफ होतात ना गं?” रेती जाते, काकू. कॅडमियम रात्रीत जात नाही, आणि उकळूनही नाही. धक्क्याचे मी खात नाही.