बॅटरी चालवून कमी, उभी ठेवून जास्त झिजते: इलेक्ट्रिक कारवाल्यांनो, या चुका टाळा

इलेक्ट्रिक कार का घेतली, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. किलोमीटरमागे खर्च कमी, रात्रीत घरच्या घरी चार्जिंग, क्लच-गिअरची कटकट नाही, इंजिन ऑइल नाही, आवाज नाही. सगळी कारणं खरी आहेत. पण गाडी दारात येऊन आठवडा होत नाही तोच बॅटरीची काळजी मानगुटीवर बसते, आणि तीही नेमकी नको त्या गोष्टीची. "रोज चार्ज केली तर बॅटरीच्या चार्जिंग सायकल लवकर संपतील ना?"

हा हिशेब आधी मिटवू. प्लग जितक्या वेळा लावाल तितक्या सायकल मोजल्या जात नाहीत. बॅटरीच्या क्षमतेइतकी, म्हणजे एकूण १०० टक्के ऊर्जा वापरून झाली की एक सायकल. ८० वरून ६० वर आणून पाच वेळा भरली तरी ती एकच. एका चार्जमध्ये ३०० किलोमीटर जाणारी गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर धावली तर वर्षाच्या सायकल होतात ५०. बॅटरीचं आयुष्य हजार सायकलचं धरलं तरी ३ लाख किलोमीटर आणि २० वर्षं. तोवर बॅटरीचं वयच झालेलं असतं. ते वय किती झपाट्याने वाढायचं हे दोनच गोष्टी ठरवतात: बॅटरीतला सेल किती भरलेला राहतो आणि किती तापलेला राहतो.

पूर्ण भरून उन्हात उभी करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी जातीचा सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टवर असतो. या अवस्थेत आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग धरतात. सेलच्या ग्रॅफाइट इलेक्ट्रोडवरचा संरक्षक थर जाड होत जातो आणि प्रत्येक थराबरोबर थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. अडकलेलं लिथियम म्हणजे गेलेली रेंज. यासाठी गाडी एक किलोमीटरही चालावी लागत नाही, आणि तापमान वाढलं की हे सगळं आणखी जोरात होतं.

उष्णता काय करू शकते हे निसानच्या पहिल्या लीफने सगळ्या जगाला दाखवलं. २०१० च्या अखेरीस बाजारात आलेल्या या गाडीत २४ किलोवॅट-अवरची बॅटरी होती, पण ती थंड ठेवायला पाण्याची किंवा पंख्याची सोय नव्हती. क्षमता दाखवायला डॅशबोर्डवर १२ पट्ट्या होत्या आणि पहिली पट्टी जायची तीच सुमारे १५ टक्के क्षमता गेल्यावर. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी उन्हाळ्यात फिनिक्स भागातल्या मालकांच्या पट्ट्या पटापट गायब होऊ लागल्या. गाड्या एक-दोन वर्षांच्याच होत्या. थंड हवेच्या भागात हीच गाडी, हीच बॅटरी असूनही पट्ट्या शाबूत होत्या. अखेर कंपनीला क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली: ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांच्या आत ९ पट्ट्यांच्या खाली गेली तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देऊ. आज बहुतेक गाड्यांत बॅटरीला लिक्विड कूलिंग असतं, पण म्हणून रसायनशास्त्र बदलत नाही.

उपाय फुकटचा आहे. सेटिंगमध्ये जाऊन चार्ज लिमिट ८० टक्क्यांवर ठेवा. वेळ लावायची सोय असेल तर चार्जिंग निघण्याच्या तासभर आधी संपेल असं लावा. लांबच्या प्रवासाला खुशाल १०० टक्के भरा, पण भरल्यावर निघा. भरलेली गाडी दोन दिवस दारात तापत ठेवू नका. आठवड्यांसाठी ठेवून जायचं असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास आणून सावलीत लावा. "रेंज असलेली बरी" म्हणून रोज शंभर टक्के भरून २५ किलोमीटर फिरणाऱ्यांना काय समजवावं, ते मला अजून कळलेलं नाही.

हाच ८० टक्क्यांचा नियम एलएफपीला लावणं

अर्धी माहिती घेऊन आलेल्यांची ही चूक. एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट राहतं. त्यामुळे ४० टक्के आहे की ६०, हे बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला, व्होल्टेजवरून नीट ओळखता येत नाही. आकडा पक्का होतो तो टोकाला, पूर्ण भरल्यावर. महिनोन्‌महिने ८० वरच ठेवलेली गाडी मग १२ टक्के दाखवता दाखवता अचानक मान टाकते. कित्येक गाड्यांत सेल एकसारखे करण्याचं कामही भरत आल्यावरच होतं. म्हणून एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा १०० टक्के, आणि शक्यतो घरच्यासारख्या संथ एसी चार्जरवर. आपली बॅटरी कोणत्या जातीची आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, शेजाऱ्याला विचारू नका.

बाराव्होल्टीचा गुन्हा मोठ्या बॅटरीच्या माथी मारणं

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. गाडी दोन-तीन आठवडे पार्किंगमध्ये उभी. डॅशकॅमचा पार्किंग मोड चालू. मालक रोज पाच वेळा ॲपवर चार्ज किती आहे ते बघतोय, आणि दर वेळी झोपलेली गाडी जागी होतेय. परत येऊन बघतो तर रिमोट चालत नाही, स्क्रीन काळी, किंवा एकदम दहा वॉर्निंग दिवे. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली, तरी निष्कर्ष तयार: "बॅटरी गेली." मग टोइंगवाला येतो, चालती चाकं जमिनीवरच ठेवून गाडी ओढतो आणि नसलेलं दुखणं मोटरपाशी नेऊन ठेवतो. इलेक्ट्रिक गाडी हलवायची तर चारही चाकं उचलून, फ्लॅटबेडवर.

दोष बहुधा १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा असतो. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे काँटॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, याच १२ व्होल्टवर जोडले जातात. ते जोडले गेले नाहीत तर मोठ्या बॅटरीतून छोटी बॅटरी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर चालत नाही, आणि तो चालला नाही तर छोटी बॅटरी भरत नाही. भरलेल्या टाकीखाली कोरडा नळ.

करायचं ते असं. रिमोटच्या आत लपवलेल्या किल्लीने दार उघडा. गाडी काही तास शांत उभी असताना मल्टिमीटर लावा. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर पूर्ण भरलेली, १२.४ चालेल, १२ च्या खाली असेल तर रिकामी. साध्या जंप पॅकने मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टोकांना आधार द्या, गाडी रेडी मोडमध्ये आणा आणि तासभर तशीच राहू द्या. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबलच्या वाटेला जाऊ नका. ही बॅटरी चौथ्या वर्षी, त्रास द्यायच्या आधीच बदलून टाकावी, या मताचा मी आहे. आणि आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याच्या डिझेलला जंप देऊ नका. स्टार्टरला लागणारे शेकडो अँपिअर पुरवायला तो कन्व्हर्टर बनवलेला नाही.

रेंजचा आकडा बघून घाबरणं

डॅशबोर्डवरची रेंज ही गेल्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून केलेला अंदाज असतो. घाट चढलात, एसी जोरात ठेवलात, टायरमध्ये हवा कमी असली की तो पडणारच. तब्येत बघायची तर १०० टक्के भरा, एका दिवसात २० टक्क्यांपर्यंत चालवा. समजा २०० किलोमीटर झाले आणि सरासरी १०० किलोमीटरला १४ किलोवॅट-अवर. म्हणजे वापरले २८, ०.८ ने भागा, ३५ आले. नवी असताना वापरता येणारी क्षमता ३८ असेल तर तब्येत ९२ टक्के. आणि पहिल्या वर्षातली घट पुढच्या वर्षांपेक्षा जास्त असते, हे आधीच ठाऊक असू द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात.

डीसी फास्ट चार्जरवर ८० च्या पुढे बसून राहू नका. वेग पडतो, वेळ जातो आणि मागे रांग लागते.

२-३ टक्क्यांवर गाडी महिनाभर सोडू नका. सेल अति उतरला तर आतलं तांबं विरघळू लागतं, आणि अशा निष्काळजीपणाला वॉरंटी सहसा हात वर करते.

शून्य अंशाच्या खाली गारठलेली बॅटरी थेट फास्ट चार्जरला लावू नका, आधी गरम होऊ द्या. नाहीतर लिथियम ग्रॅफाइटवर धातूच्या रूपात साचतं.

३.३ किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर तासन्‌तास १४-१५ अँपिअर ओढतो. एक्स्टेंशन बोर्ड त्यासाठी नाही. सॉकेट हाताला चटका देत असेल तर चार्जिंग तिथेच थांबवा.

८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी म्हणजे आठव्या वर्षी बॅटरी मरणार, असं नाही. बहुधा ७० टक्क्यांच्या खाली गेली तर कंपनी जबाबदार, एवढाच त्याचा अर्थ. आणि बिघाड झालाच तर पुष्कळदा एखादं मॉड्यूल, म्हणजे पॅकमधला सेलचा एक गट, गेलेलं असतं. पूर्ण पॅक बदलण्याचं कोटेशन हातात पडल्याबरोबर सही करू नका, आधी मॉड्यूलनिहाय सेल व्होल्टेजचा रिपोर्ट मागा.