हायस्कूलमध्ये इतिहासाचे कोर्स निवडताना या चुका टाळा

हिवाळ्याची सुट्टी संपली की अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कूलांतून पुढच्या वर्षीचे कोर्स निवडायचा फॉर्म घरी येतो. आपल्या मराठी घरांत त्यावर जी चर्चा होते ती गणित-विज्ञानाभोवतीच. कॅल्क्युलस एबी की बीसी, फिजिक्स अकरावीला की बारावीला, यावर संध्याकाळच्या संध्याकाळ जातात. इतिहासाच्या रकान्यात मात्र जे सोपं दिसेल त्यावर खूण करून मोकळं होतात. मला हे मनापासून खटकतं. पुरावा वाचायचा, तो तपासायचा आणि मग आपलं म्हणणं लिहून मांडायचं, हे मुलांना वर्षभर नेमाने करायला लावणारे वर्ग हायस्कूलमध्ये फार थोडे असतात. इतिहासाचा वर्ग त्यांतला एक. कॉलेजांची प्रवेश समितीही तो रकाना वाचते.

आपल्या दहावीवरून अंदाज बांधणे

आपल्यापैकी बहुतेकांचा इतिहास म्हणजे 'कारणे द्या', 'टिपा लिहा' आणि परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेल्या सनावळ्या. अकरावीला सायन्स घेतलं आणि विषय कायमचा सुटला. त्यामुळे 'इतिहास काय, पाठ केला की झालं' असं आपण मुलांना सहज सांगून जातो. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घेता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सांतल्या इतिहासाच्या परीक्षेत नेमका हाच सल्ला अंगाशी येतो.

परीक्षेचा साचा पाहा. एकूण ३ तास १५ मिनिटं. पहिल्या ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, पण तेही एखादा उतारा, नकाशा किंवा चित्र देऊन त्यावर विचारलेले. नंतर ४० मिनिटांत ३ छोटे लेखी प्रश्न. मग डीबीक्यू: ७ कागदपत्रं समोर ठेवतात आणि तासाभरात त्यांच्या आधारे निबंध लिहायचा. शेवटी ४० मिनिटांचा आणखी एक निबंध. या चार भागांचं वजन अनुक्रमे ४०, २०, २५ आणि १५ टक्के. म्हणजे ६० टक्के गुण लेखनाचे.

म्हणूनच पाठांतर उत्तम असलेली मुलं ऑक्टोबरात पहिला बी-मायनस घेऊन येतात आणि घरात सगळे गोंधळतात. अशा वेळी लगेच ट्यूशन शोधू नका. आधी मुलाचा तपासलेला निबंध आणि गुणांचा तक्ता शेजारी ठेवून वाचा. डीबीक्यूला ७ गुण असतात. एक गुण स्पष्ट भूमिका मांडल्याचा, एक काळाची पार्श्वभूमी सांगितल्याचा, तीन पुराव्यांचे आणि दोन विश्लेषणाचे. बहुतेक वेळा दिसतं ते असं, की मुलाने सातही कागदांचा सारांश इमानेइतबारे लिहिला आहे, पण स्वतःची भूमिका कुठेच घेतलेली नाही. किंवा कागद कुणी, कुणासाठी, कशासाठी लिहिला याचा विचारच केलेला नाही. ही सवय महिन्या-दोन महिन्यांत बदलता येते. आठवड्याला एक कागद घ्यायचा आणि त्यावर चार ओळी लिहायच्या: हे लिहिणाऱ्याला काय हवं होतं आणि त्यामुळे त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?

शाळेची अट पुरी झाली म्हणजे झालं, असं समजणे

हायस्कूलच्या पदवीच्या अटी राज्यागणिक वेगळ्या. न्यू जर्सीत अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं आणि जागतिक इतिहास एक वर्ष लागतो. टेक्ससमध्ये सामाजिक शास्त्रांचे तीन क्रेडिट्स लागतात. कॅलिफोर्नियात जागतिक इतिहास दहावीला, अमेरिकेचा अकरावीला आणि बारावीला शासनव्यवस्था-अर्थशास्त्र असा क्रम रूढ आहे. पण ही झाली शाळेतून बाहेर पडण्याची अट. कॉलेजांच्या अपेक्षा निराळ्या असतात. एमआयटी इतिहास किंवा सामाजिक शास्त्रांची दोन वर्षं सुचवते, तर हार्वर्ड किमान दोन आणि शक्यतो तीन वर्षं इतिहास घ्या म्हणते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांच्या गटांपैकी इतिहासाच्या 'ए' गटात दोन वर्षं हवीत: एक जागतिक इतिहासाचं, दुसरं अमेरिकेच्या इतिहासाचं. दुसऱ्या वर्षात अर्धं वर्ष शासनव्यवस्थेचं असलं तरी चालतं.

इथे एक गफलत नेहमी होते. एपी सायकॉलॉजी घेतली की सामाजिक शास्त्राची बाजू भरली, असं धरून चालतात. कॅलिफोर्नियाच्या हिशेबात सायकॉलॉजी 'ए' गटात बसत नाही, ती 'जी' या ऐच्छिक गटात जाते. कोर्स चांगला आहे, आवडत असेल तर जरूर घ्यावा, फक्त इतिहासाच्या जागी धरू नये. तुमच्या शाळेचा कोणता कोर्स कोणत्या गटात मोडतो याची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावाने सापडते. फॉर्म भरण्याआधी ती पाहा.

एपींची संख्या मोजत बसणे

'अमक्यांच्या मुलीने बारा एपी घेतले' हे वाक्य प्रत्येक पॉटलकला कानावर येतं. प्रवेश समिती मुलाला त्याच्या शाळेच्या चौकटीत पाहते. शाळेत काय उपलब्ध होतं याची माहिती शाळा स्वतः पाठवते आणि मुलाने त्यातलं किती कठीण निवडलं यावर कौन्सिलरही, म्हणजे शाळेतला सल्लागारही, मत नोंदवतो. शाळेत एपीच नसतील तर ते न घेतल्याचा दोष मुलाला लागत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या जीपीएत (गुणांच्या सरासरीत) एपीसारख्या कठीण कोर्सांना धरले जाणारे ऑनर्सचे जादा गुण तर जास्तीत जास्त ८ सेमिस्टरांपुरतेच मिळतात. इतिहासातला प्रत्येक एपी घेतलाच पाहिजे असं मुळीच नाही. एक वर्ष मन लावून केलेला कोर्स आणि त्यात लिहिलेला एखादा खरा चांगला निबंध मला जास्त मोलाचा वाटतो.

क्रमाचंही भान ठेवा. एपी वर्ल्ड साधारण इ.स. १२०० पासून सुरू होतो, एपी युरोपियन १४५० च्या सुमारास आणि एपी यूएस १४९१ पासून. तिन्हींची परीक्षा-पद्धत एकच असल्याने वर्ल्डमध्ये शिकलेलं लेखन पुढे यूएसमध्ये उपयोगी पडतं. नववीतल्या मुलाला सलग पाच परिच्छेद अजून जमत नसतील तर त्या वर्षी ऑनर्स (साध्यापेक्षा कठीण, पण एपीच्या खालचा कोर्स) घेऊन इंग्रजी लेखन पक्कं करणं शहाणपणाचं.

भारतातून नुकत्याच आलेल्या मुलाला थेट एपी यूएसमध्ये बसवणे

बदलीमुळे मूल दहावी-अकरावीत पुण्याहून किंवा ठाण्याहून येतं. गणितात ते पुढे असतं, म्हणून आईवडील सगळेच एपी मागतात. पण इथल्या मुलांनी वसाहती, राज्यघटना, यादवी युद्ध हे सगळं माध्यमिक शाळेत एकदा वाचलेलं असतं आणि शिक्षक ते गृहीत धरून शिकवतात. नव्या मुलाला 'रिकन्स्ट्रक्शन' (यादवी युद्धानंतरचा पुनर्बांधणीचा काळ) हा शब्दच पहिल्यांदा भेटतो. अशा मुलाने पहिल्या वर्षी साधा किंवा ऑनर्स कोर्स घ्यावा, नाहीतर आधीच्या उन्हाळ्यात माध्यमिक शाळेचं अमेरिकन इतिहासाचं पाठ्यपुस्तक वाचून काढावं. भारतातला इतिहास कोणत्या अटीसाठी धरला जाईल हे कौन्सिलरकडून लेखी घ्या. बारावीत ऐनवेळी 'यूएस हिस्टरीचं एक वर्ष कमी आहे' असं कळणं फार महागात पडतं.

उन्हाळ्यात उरकून टाकणे

अकरावीत विज्ञानाला जागा करण्यासाठी अमेरिकेचा इतिहास सुट्टीत ऑनलाइन आटोपायचा, ही पद्धत बरीच पसरली आहे. कोर्स मान्यताप्राप्त असला तर नियमाने ते चालतं. पण आपण काय सोडतो आहोत याचा हिशेब करावा. एमआयटी दोन शिफारसपत्रं मागते. एक गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं मानव्यशास्त्र, सामाजिक शास्त्र किंवा भाषेच्या शिक्षकाचं. अकरावीत ज्यांनी वर्षभर मुलाचं लेखन तपासलं, वर्गातल्या वादात त्याला बोलताना ऐकलं, ते इतिहासाचे शिक्षक या पत्रासाठी फार योग्य असतात. सहा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सात मुलाला असं ओळखणारं कुणी भेटत नाही.

घरचा इतिहास बाहेर ठेवणे, किंवा तो तपासल्याशिवाय आत आणणे

एपी वर्ल्डच्या अभ्यासक्रमात १४५० ते १७५० या काळात सत्तांना झालेल्या स्थानिक प्रतिकाराची काही उदाहरणं दिली आहेत. पेब्लो लोकांचं बंड, कोसॅकांची बंडं, अंगोलातली राणी न्झिंगा आणि त्यांच्याच रांगेत मराठ्यांचा मुघलांशी संघर्ष. आपल्या बऱ्याच घरांना हे ठाऊकच नसतं. मूल शिवरायांच्या गोष्टी आजीकडून ऐकतं आणि निबंधात मात्र वर्गातल्या सगळ्यांनी निवडलेलं उदाहरण घेतं.

ते उदाहरण जरूर घ्यावं, पण परीक्षकाला अभिमान वाचायचा नसतो, कारणमीमांसा हवी असते. मुघलांच्या मोठ्या फौजेपुढे डोंगरी किल्ल्यांचा उपयोग कसा झाला, महसुलाची घडी कशी बसवली, दख्खनच्या दीर्घ मोहिमेने औरंगजेबाच्या तिजोरीवर किती ताण आला, असं लिहिलं तर उदाहरण उभं राहतं. नॅशनल हिस्टरी डेसारख्या स्पर्धेसाठीही मराठी येणाऱ्या मुलाला मोठी सोय आहे. बखर आणि त्या काळचं पत्र यांत फरक काय, बखर बहुधा घटनेनंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेली असते म्हणून ती कशी वाचायची, हे तो मूळ मराठीतून पाहू शकतो. आजोबांची मदत घ्या, मोडी वाचणारं कुणी ओळखीत असेल तर आणखी छान.

अडलंच तर

शिक्षकांच्या शिफारशीअभावी एपीत प्रवेश नाकारला तर आधी कारण विचारा. पुष्कळ शाळांत पालकांच्या सहीने तो निर्णय बदलता येतो, पण लेखन कच्चं असं कारण असेल तर सही करण्याआधी थांबा. वेळापत्रकात एपी यूएस आणि फिजिक्स एकाच तासाला आले तर कम्युनिटी कॉलेजातला कोर्स हा पर्याय आहे. टेक्ससमध्ये त्याचा विशेष फायदा असा, की सरकारी विद्यापीठांना पदवीसाठी अमेरिकन इतिहासाचे ६ क्रेडिट तास कायद्यानेच लागतात आणि ते आधीच भरून निघू शकतात. खासगी कॉलेज ते क्रेडिट धरेलच असं नाही.

वर्षाच्या मध्ये कोर्स झेपेनासा झाला तर ऑनर्समध्ये उतरण्याची शाळेची शेवटची तारीख विचारा आणि ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) 'विथड्रॉ', म्हणजे कोर्स सोडल्याची, अशी नोंद राहते का तेही. बारावीत अर्ज गेल्यानंतर इतिहासाचा कोर्स सोडला किंवा बदलला तर जिथे जिथे अर्ज केला आहे त्या कॉलेजांना कळवा. अर्जात लिहिलेले कोर्स आणि शेवटचा ट्रान्सक्रिप्ट जुळले नाहीत तर मिळालेला प्रवेशही अडचणीत येऊ शकतो.