बांधावरच्या एरंडावर एरी रेशीम: सोलापूरच्या हवेत कीटक कसे सांभाळावेत

एरी हा आसाम-मेघालयातल्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाणारा रेशमाचा पतंग. त्याची अळी एरंडाचा पाला खाते. तुतीच्या रेशमासारखा त्याचा कोष बंद नसतो. एका टोकाला तोंड उघडे असते, पतंग त्यातून आपला आपण बाहेर पडतो आणि रिकामा कोष कताईला मिळतो. कीटक मारावा लागत नाही.

सोलापुरात अडचण पाल्याची नाही, उन्हाची आहे. या किड्याला 24 ते 28 अंश तापमान आणि 70 ते 85 टक्के आर्द्रता मानवते. आपला मे 40 अंशांच्या पुढे जातो, म्हणून मार्च ते जून बॅच घेऊच नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला एरंड पेरा आणि पाला भरला की सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बॅचेस घ्या. बियांसाठी लावलेल्या एरंडाचा पाव हिस्साच पाला तोडा, नाहीतर बी घटते.

पहिल्या खेपेला रोगमुक्त अंडीपुंज (एका मादीने घातलेली अंडी म्हणजे एक पुंज) 10 पुरेत. त्यातून साधारण 3,000 अळ्या निघतात आणि त्यांना 100 किलोच्या आसपास पाला हाताशी हवा. अंडी आणण्याच्या आठवडाभर आधी खोली धुऊन निर्जंतुक करा: 100 लिटर पाण्यात 2 किलो ब्लिचिंग पावडर आणि 300 ग्रॅम विरलेला चुना. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा म्हणजे मुंग्या चढत नाहीत. उझी माशी अळ्यांच्या अंगावर अंडी घालून त्यांना मारते, तिच्यासाठी दारा-खिडक्यांना बारीक जाळी हवीच.

तंबाखूची धूळ या अळ्यांना विष आहे. बिडीकाम चालते त्या घरात कीटकांची खोली पूर्ण वेगळी असावी. तंबाखू मळलेल्या हाताने पाला तोडू नये, ट्रेलाही हात लावू नये. दुसरा धोका फवारणीचा. डाळिंब किंवा द्राक्षबागेला लागून असलेल्या एरंडावर औषध उडून येते, पानावर काही दिसत नाही आणि अळ्या तडफडून मरतात. शंका असेल तर तो पाला टाकून द्या, नाहीतर आधी पाच-सहा अळ्यांना देऊन दिवसभर पाहा. एरंडावरची उंटअळीही हाताने वेचा, फवारू नका.

बाल्यावस्थेत शेंड्याकडची कोवळी पाने चिरून द्या, ट्रेवर मेणकागद झाका. पाला सकाळी आणि संध्याकाळीच तोडा आणि ओल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. दुपारचा पाला तासाभरात मलूल होतो, अळी तो तोंडात घेत नाही. खिडक्यांना ओले गोणपाट बांधा, पण पानावर पाणी राहू देऊ नका. खोलीत ओलावा हवा, पानावर नको. ओल्या पाल्याने अळ्या पातळ हगतात आणि मऊ पडून मरतात.

अळी चार वेळा कात टाकते. कात टाकण्याआधी ती डोके वर करून स्तब्ध बसली की पाला बंद करा, चुन्याची हलकी भुकटी मारून बेड कोरडा ठेवा. जवळजवळ सगळ्या अळ्या कातीतून उठल्यावरच पाला द्या. थोड्या उठल्या म्हणून घाई केली की बॅच लहान-मोठी होते आणि शेवटपर्यंत जुळत नाही.

एकूण पाल्यापैकी सुमारे 80 टक्के पाला पाचव्या अवस्थेत लागतो, म्हणजे चौथ्या कातीनंतर, शेवटच्या आठवड्यात. बहुतेक बॅचेस इथेच फसतात: पाला संपतो, अळ्या अर्धपोटी राहतात, कोष पातळ होतो. या दिवसांत पक्की पाने दिवसातून चार वेळा द्या, विष्ठा रोज काढा आणि बेड विरळ करा.

पिकलेली, म्हणजे कोष विणायला तयार झालेली अळी खाणे सोडून कोपरा शोधते. बोटांत हलकेच फिरवली तर पोकळ आवाज येतो. अशा अळ्या वेचून आंब्याच्या सुक्या डहाळ्यांच्या जुड्यांत सोडा. सहा दिवसांनी कोष काढून पसरट टोपलीत एका थरात ठेवा. पतंग साधारण दोन-तीन आठवड्यांत बाहेर पडतात.

रिकामे कोष लिटरला 5 ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळा. बोटांनी ताणल्यावर तंतू सहज सुटले की स्वच्छ धुऊन घ्या. हा धागा सलग उलगडत नाही, कापसासारखा चरख्यावर किंवा टकळीवर काततात. बॅच चांगली साधली तर 10 पुंजांमागे किलोभर रिकामे कोष मिळतात.