बाल्कनीत, वळचणीला पक्ष्यानं घरटं बांधलं तर काय करावं

कुंडीत, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे किंवा कपड्यांच्या दोरीवर पक्ष्यानं घरटं बांधायला घेतलं, की घरात दोन सूर उठतात. कोणी म्हणतं “काढून टाका”, कोणी म्हणतं “राहू द्या बिचाऱ्यांना”. दोन्ही घाईचे आहेत. पहिलं अंडं पडेपर्यंत घरटं तिथे हवं की नको, हे तुमच्या हातात असतं. अंडं पडल्यावर मात्र काही आठवडे हात आवरावा लागतो. त्यामुळे घरटं कोणाचं आहे आणि कुठल्या टप्प्यावर आहे, हे सगळ्यात आधी पाहा.

टप्पा ओळखा

पक्षी चोचीत काड्या, दोरे, कोळ्याची जाळी घेऊन येतोय आणि घरटं रिकामं आहे, म्हणजे बांधकाम चालू आहे. पक्षी बराच वेळ आत बसून असतो आणि पाच-दहा मिनिटांपुरताच उठतो, म्हणजे अंडी उबवणं चालू आहे. चोचीत अळ्या, किडे घेऊन सारख्या फेऱ्या होतात आणि परतताना चोचीत पांढरी गोळी दिसते, म्हणजे पिल्लं आहेत. ती गोळी पिल्लांची विष्ठा असते. आत डोकावायचंच असेल तर पक्षी बाहेर गेल्यावर, काठीला बांधलेल्या छोट्या आरशानं, दिवसातून एकदाच आणि काही सेकंदच पाहा. माणूस कुठे वारंवार वाकून बघतो, यावर कावळ्यांचं बारीक लक्ष असतं.

पहिलं अंडं दिसलं त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. बुलबुल दोन-तीन अंडी घालतो, ती साधारण १२ ते १४ दिवस उबवतो आणि पुढे बारा-तेरा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे सगळा कारभार महिन्याच्या आत उरकतो. पानं शिवून घरटं करणारा शिंपी आणि चिमणी यांचंही गणित जवळपास असंच आहे. शिंजीर, म्हणजे दोरीवर किंवा वायरीवर लोंबतं घरटं विणणारा चिमुकला सूर्यपक्षी, बहुधा दोन अंडी घालतो आणि त्याला थोडा जास्त, म्हणजे महिनाभर लागतो. साळुंकीला सुमारे चाळीस दिवस लागतात. कबुतराला सर्वांत जास्त: १७ ते १९ दिवस उबवण आणि वर चार आठवड्यांहून अधिक पिल्लांची वाढ.

कायद्याचंही भान ठेवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी-घरट्यांना धक्का लावणं हेही येतं. सोसायटीच्या रंगकामाचं किंवा एसी सर्व्हिसिंगचं वेळापत्रक ठरवताना हे कंत्राटदाराला आधीच सांगा. नंतर “माहीत नव्हतं” म्हणून भागत नाही.

घरटं राहू देणार असाल तर

घरट्याभोवतीची पानं, फांद्या छाटू नका. तीच पिल्लांची सावली आणि कावळ्यापासूनचा आडपडदा असतो. बुलबुलाचं घरटं तुमच्या दृष्टीला अडगळीत वाटलं, तरी त्यानं ती जागा पानांचा आडोसा पाहूनच निवडलेली असते.

घरटं कुंडीत असेल तर पाणी घालणं थांबवू नका. रोप सुकलं तर आडोसाच जातो. पक्षी बाहेर असताना, सकाळी, बारीक तोटीच्या झारीनं कुंडीच्या कडेनं हळू पाणी सोडा. फवारा मारू नका. या काळात झाडांवर कीटकनाशक अजिबात नको, कारण पिल्लांचं मुख्य खाणं म्हणजे त्याच झाडांवरच्या अळ्या आणि किडे. कडुनिंबाच्या तेलाचा फवाराही पुढे ढकला.

दोरीवर शिंजिराचं घरटं असेल तर ती दोरी सोडा आणि कपड्यांना दुसरी बांधा. दोरी सरकवून घरटं “जरा बाजूला” घेण्याचा मोह होतो, पण घरटं फूट-दीड फूट सरकलं तरी मादी गोंधळते आणि अंडी थंड पडतात. एप्रिल-मेमध्ये थेट ऊन येत असेल तर घरट्यापासून निदान दोन-तीन फुटांवर, उन्हाच्या बाजूला जुनी साडी किंवा शेडनेट बांधा. पक्ष्याच्या येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवा आणि ती परत येते का, हे अर्धा-पाऊण तास लांबून पाहा. आली नाही तर आडोसा लगेच काढा.

पिल्लं बाहेर पडायच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत घरट्याच्या जवळही जाऊ नका. तेव्हा पंख पुरते तयार नसतात, पण भीती पुरती आलेली असते. फोटो काढायला हात पुढे आला की सगळी पिल्लं एकदम उड्या मारतात आणि त्यातली बरीच मांजराच्या तोंडी जातात.

खोलीतल्या घरट्याला सर्वांत मोठा धोका छताच्या पंख्याचा. चिमणी किंवा बुलबुल आत ये-जा करत असेल तर महिनाभर पंखा बंद ठेवावा लागेल. बटणावर चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे सवयीनं कोणी लावणार नाही. खिडकीचं एक तावदान पहाटे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत उघडं हवं. हे जमणार नसेल तर पहिल्या काड्या दिसताच खिडकीला जाळी लावा. त्यात निष्ठुरपणा नाही. पक्षी दोन दिवसांत दुसरी जागा शोधतो.

पिल्लू खाली पडलं तर

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, हा समज चुकीचा आहे. पिसं न आलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू सापडलं तर सरळ उचलून घरट्यात ठेवा. अंग गार लागत असेल तर आधी ओंजळीत धरून ऊब द्या. घरटंच पडलं असेल तर छोटी परडी किंवा तळाला भोकं पाडलेली नारळाची करवंटी घ्या, त्यात ते घरटं बसवा आणि मूळ जागेच्या जितकं जवळ जमेल तितकं, सावलीत, त्याच उंचीला घट्ट बांधा. मग दूर जा आणि तासभर पाहा.

पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू मात्र हरवलेलं नसतं. ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच असतात. त्याला फक्त रस्त्यावरून उचलून झुडपात ठेवा आणि मांजर घरात कोंडा. अशी धडधाकट पिल्लं दयेपोटी घरी आणली जातात आणि दूध-ब्रेड भरवून मारली जातात. चोचीत पाणी कधीही सोडू नका. ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरतं.

जखम असेल किंवा मांजरानं धरलं असेल, तर दात लागल्याची खूण दिसली नाही तरी उपचार हवेत, कारण मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी लवकर दगावतो. झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घाला, पिल्लू ठेवा, खोका अंधाऱ्या शांत जागी ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

कबुतरांचं वेगळं

इतर पक्षी महिन्याभरानं जातात. कबुतर जात नाही. पहिली पिल्लं मोठी होत असतानाच मादी पुढची अंडी घालते आणि वर्षभर हे चालू राहतं. विष्ठा साठते, वाळते, तिची धूळ श्वासातून आत जाते. त्यातून फुप्फुसांना जो अॅलर्जीचा आजार होतो, त्याला डॉक्टर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. दुर्लक्ष केलं तर फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात. घरात दम्याचा रुग्ण, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर कबुतराला पहिली काडीही ठेवू देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फक्त एक खात्री करून घ्या: तो छोटा तपकिरी होला तर नाही ना? होल्याचंही घरटं चार काड्यांचं आणि अंडी दोनच. पण तो कबुतराहून बराच लहान, गुलाबीसर तपकिरी, गळ्यावर काळे ठिपके असलेला असतो आणि महिन्याभरात जागा सोडतो. त्याला राहू द्या.

कबुतराच्या काड्या रोज, दिवसातून दोनदा काढा. एकदा काढून भागत नाही. आठवडाभर चिकाटी लागते. अंडी पडलीच असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबा आणि जाळीवाल्याला तेव्हाची तारीख द्या. पिल्लं उडाली की त्याच दिवशी साफसफाई आणि जाळी, दोन्ही उरका, कारण दुसऱ्या दिवशी तिथे नवं अंडं असू शकतं.

साफसफाईत बहुतेकजण एकच चूक करतात: सुकी विष्ठा झाडूनं झाडतात. आधी घराकडचं दार-खिडक्या बंद करा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि जुने कपडे घाला. पाण्यात धुण्याची पावडर मिसळून ते सगळीकडे हळू शिंपडा आणि पंधरा मिनिटं मुरू द्या. मग प्लास्टिकच्या उलथन्यानं ओला थर खरवडा, दुहेरी पिशवीत भरा आणि तोंड बांधा. जागा धुवून झाल्यावरच ब्लीचिंग पावडरचं पाणी लावा. ते बाथरूमच्या अॅसिडमध्ये कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो.

जाळी नायलॉनची, ५० मिमी भोकांची घ्या. त्यातून कबुतर येत नाही, चिमणी आणि शिंजीर मात्र जातात. जाळी ढोलकीसारखी ताणलेली हवी. सैल जाळीत पाय-पंख अडकून पक्षी लटकून मरतात. चारही कडांना साधारण फूटभर अंतरावर हूक मारून घ्या आणि एसीच्या पाइपाजवळची फट विसरू नका, कबुतर तिथूनच घुसतं. जाळी लावण्याआधी आत पक्षी कोंडला जात नाही ना, हे नीट पाहा.

खिळ्यांच्या पट्ट्या आम्ही सुचवत नाही: कबुतरं त्यांच्याच आधारानं काड्या रचतात आणि लहान पक्षी जखमी होतात. चिकट जेल तर नकोच. चकचकीत सीडी आणि प्लास्टिकचं घुबड यांना कबुतरं चार दिवसांत सरावतात. आणि शेजारी कोणी रोज दाणे टाकत असेल, तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय जाळीचाही पुरता उपयोग होणार नाही.

जिथे थांबून चालत नाही

गॅस गीझरच्या धूर जाण्याच्या पाइपात घरटं झालं तर गीझर ताबडतोब बंद करा. पाइप तुंबला की कार्बन मोनॉक्साइड बाथरूममध्ये साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस न कळत बेशुद्ध पडतो. पाइप मोकळा होईपर्यंत पाणी गॅसवर तापवा. मीटरच्या पेटीतलं घरटं स्वतः काढू नका, वीज कंपनीला कळवा. एक्झॉस्ट पंख्यात चिमणी किंवा साळुंकी असेल तर पंख्याची पिन काढून ठेवा आणि पिल्लं गेल्यावर बाहेरून १२ मिमीची तारेची जाळी बसवा.

घरटं रिकामं झाल्यावर त्यातले बारीक पिसू-किडे घरात शिरून माणसाला चावतात. म्हणून पिल्लं गेल्यावर दोन-चार दिवस पाहा, पक्षी परतत नसेल तर मास्क लावून घरटं पिशवीत भरा आणि जागा गरम पाण्यानं धुवा.

चिमणीसाठी घर लावायचं असेल तर

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या प्रयत्नांतून २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो आणि त्या सुमाराला घरटी वाटली जातात. त्यातली पुठ्ठ्याची पहिल्याच पावसात लगदा होतात. लाकडाचंच करा: फळी १२ ते १८ मिमी जाड, तळ १५ × १५ सेंमी, उंची पुढे २० आणि मागे २५ सेंमी, म्हणजे छपराला उतार येतो. भोक ३२ मिमी व्यासाचं आणि तळापासून १२-१३ सेंमी वर. याहून मोठं केलं तर साळुंकी घुसते. भोकाखाली बसायला दांडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र उपयोगी पडते. तळाला पाणी निघायला ५ मिमीची चार भोकं पाडा, आतून रंग किंवा वॉर्निश देऊ नका आणि एक बाजू स्क्रूनं उघडणारी ठेवा.

हे घर जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंचीवर, वळचणीखाली, उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे तोंड करून लावा; नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस आणि पश्चिमेचं ऊन दोन्ही टळतात. चिमण्या शेजाराशेजारानं राहतात, म्हणून मीटरभर अंतरावर दोन-तीन लावली तर जास्त चांगलं. आत काही भरू नका. जवळ कोरडं गवत आणि काथ्या ठेवा, दोरा आणि नायलॉन नको, पिल्लांच्या पायाला फास बसतो. भवताली देशी झुडपं, फवारा न मारलेली, आणि उथळ ताटलीत दोन-तीन सेंमी पाणी ठेवा; ते रोज बदला. चिमण्या यायला काही महिनेही लागतात, तोवर घर हलवू नका. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर ते रिकामं असल्याची खात्री करा, उघडून जुनं गवत काढा, उकळतं पाणी ओता आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा त्याच खिळ्याला टांगा.